कोळ्याचं बारसं: नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

ज्यांची कोळ्याशी ओळख आजवर फक्त दिवाळीच्या साफसफाईत, तीही केरसुणीच्या टोकाशी झाली, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका आहे. कोळ्याला नाव कसं द्यावं, दुसऱ्याने दिलेलं नाव कसं वाचावं आणि जाता जाता आपल्या घरातल्या नावांकडे कसं पाहावं, एवढं यात शिकवलं आहे. 'नाव ठेवणं आणि नावं ठेवणं' आणि 'कोळी आणि कोळी' हे दोन विनोद तुमच्या आधी सगळ्यांनी करून झाले आहेत. ते चपलांबरोबर दाराबाहेर काढा आणि मग आत या.

साहित्य: दहापट मोठं दाखवणारं भिंग, मऊ केसांचा बारीक कुंचला, बुचाच्या दोन-चार काचेच्या नळ्या, सत्तर टक्के अल्कोहोल, एक पेन्सिल आणि एक आत्या. आत्या सुरुवातीला लागत नाही, पण घरात असू द्यावी.

आधी कोळी शोधा

नवशिका हमखास बागेतल्या मोठ्या, गोल, रेखीव जाळ्याकडे धावतो. त्या कोळ्यांचे फोटो काढणारे पुष्कळ आहेत, त्यांना तुमची गरज नाही. आपल्याला हवा आहे जाळीचा कोळी. शास्त्रात त्याच्या कुळाला डिक्टिनिडी म्हणतात. वाळलेल्या गवताचा तुरा, कुंपणाच्या सुकलेल्या काड्यांचा शेंडा, एखाद्या पानाची वरची बाजू, अशा जागा तो धरतो. त्याच्या जाळ्यात रेखीव असं काही नसतं. काम अर्धवट टाकून गवंडी जेवायला गेला असावा, असंच वाटतं. मालक दोन ते चार मिलिमीटरचा. पुष्कळदा एकाच जाळ्यात नर आणि मादी दोघंही नांदताना सापडतात, तेव्हा कुंचला पुढे करण्याआधी घरात कोण कोण आहे ते बघून घ्या.

आता भिंग लावा आणि मादीचा चौथा, म्हणजे सगळ्यात मागचा पाय बघा. त्याच्यावर वाकड्या केसांची एकसारखी रांग दिसेल. ती तिची फणी. पोटाखाली, धागा सोडणाऱ्या अवयवांच्या जरा पुढे, एक चपटी पट्टी असते आणि तिच्यावर अतिसूक्ष्म तोट्या दाटीवाटीने बसवलेल्या असतात. फणीचा पाय त्या पट्टीवरून झरझर मागेपुढे फिरतो आणि शेकडो तंतू एकदम ओढले जातात. पिंजाऱ्याने कापूस पिंजावा तसा फुगीर, लोकरी धागा तयार होतो. त्याला गोंद नसतो. बागेतला गोल जाळ्याचा कोळी चिकट थेंबांवर विसंबतो. इथे सगळं कोरडं असतं, तरी माशीच्या पायावरचे केस आणि नख्या त्या लोकरीत गुंतल्या की तिची सुटका नाही. धागा जुना झाला की त्यावर धूळ बसते आणि जाळं पांढुरकं दिसायला लागतं. वयात आलेल्या नराची फणी आणि पट्टी बहुधा कामातून जातात आणि पुढचं आयुष्य तो मादीच्या शोधात घालवतो. त्यावर मी काही बोलत नाही.

या कुळातला मॅलॉस ग्रेगॅलिस हा मेक्सिकोतला कोळी हजारोंच्या वस्तीने एकाच जाळ्यात राहतो. तिथल्या काही गावांत पावसाळ्यात माशा वाढल्या, की लोक त्याच्या जाळ्याने मढलेली फांदी तोडून आणत आणि घरात टांगून ठेवत. गेल्या शतकाच्या सुरुवातीला एका फ्रेंच निसर्गवाद्याने ही पद्धत लिहून ठेवली. गावकरी त्या फांदीला 'एल मोस्केरो' म्हणत, म्हणजे आपल्या भाषेत माशीमार. आपल्याकडे त्याच फांदीचं काय झालं असतं, हे केरसुणीला विचारा.

मग थांबा

तुम्हांला सापडलेल्या कोळ्याला बहुतेक आधीच नाव आहे. जगातल्या कोळ्यांची अधिकृत यादी स्वित्झर्लंडमध्ये बर्नच्या निसर्ग संग्रहालयात ठेवली जाते. २०२२ साली तिच्यातल्या नोंदींनी पन्नास हजारांचा आकडा ओलांडला. त्यातलं एखादं तुमचंच असणार, असं समजून चालावं. फोटो पाठवून 'हा कोण?' असं विचारू नये. दोन-चार मिलिमीटरच्या प्राण्याची जात त्याच्या जननेंद्रियांच्या बारीक रचनेवरून ठरते आणि ती सूक्ष्मदर्शकाखालीच दिसते. फोटोत दिसते ती तुमच्या भिंतीच्या रंगाची जात.

पहिलं छापलेलं नाव खरं, हा या शास्त्राचा कायदा आहे. प्राण्यांच्या नावांची सुरुवात १७५८ सालापासून धरतात, कारण त्या वर्षी लिनियसच्या ग्रंथाची दहावी आवृत्ती निघाली. त्याआधीची नावं बाद. याला एकच अपवाद आहे आणि तो कोळ्यांचा आहे. कार्ल क्लेर्क या स्वीडिश माणसाने १७५७ सालीच आपल्या देशातल्या कोळ्यांवर चित्रांसह पुस्तक काढलं होतं. ते इतकं नेटकं होतं की नियम करणाऱ्यांना ते टाकवेना. मग त्यांनी असं ठरवलं की, क्लेर्कचं पुस्तक १ जानेवारी १७५८ रोजीच निघालं असं समजायचं आणि कोळ्यांच्या बाबतीत त्याची नावं लिनियसच्याही आधीची मानायची. मुलाला शाळेत घालताना जन्मतारीख पुढे-मागे करणाऱ्या आपल्या आजोबांना ही तोड सहज समजली असती.

नाव कुठून आणावं

समजा, कोळी खरोखरच नवा निघाला. आता नाव. सोपा मार्ग गावाचा. लॅटिनमध्ये गावाच्या नावापुढे 'एन्सिस' लावलं की झालं. मराठी माणसाला हे शिकवावं लागत नाही, तो पिढ्यान्‌पिढ्या 'कर' लावत आला आहे. १९६३ साली बी. के. टिकादार या प्राणिशास्त्रज्ञांनी एका कोळ्याला 'पूनाएन्सिस' असं नाव दिलं. म्हणजे पुणेकर. हा डिक्टिनिडी कुळातला नाही, पण लोकरी धाग्याच्याच गोतातला आहे. याच्या प्रजातीतले कोळी भेगेत नळीसारखं घर करतात आणि तोंडाशी चहूबाजूंनी धागे पसरून ठेवतात. धाग्याला कुणाचा पाय लागला की मालक आतून येऊन बघतो. एरवी बाहेर येत नाही आणि कुणाकडे जात नाही. 'पूनाएन्सिस' हे नाव याला शोभत नाही असं म्हणायची माझी तरी छाती नाही.

या पुणेकराची पुढची हकीकत नवशिक्याने नीट समजून घ्यावी, कारण शास्त्रीय नावाचं सगळं व्याकरण तिच्यात आहे. जन्मला तेव्हा त्याचं पूर्ण नाव होतं फिलिस्टाटा पूनाएन्सिस. पुढे त्याला प्रिथा नावाच्या प्रजातीत हलवलं आणि तो झाला प्रिथा पूनाएन्सिस. शास्त्रात आडनाव, म्हणजे प्रजातीचं नाव, आधी आणि स्वतःचं नाव नंतर येतं. बदलतं ते आडनाव, स्वतःचं नाव कायम. आणि आडनाव बदललं की नाव देणाऱ्याचं नाव कंसात जातं. आज यादीत 'प्रिथा पूनाएन्सिस' आणि पुढे कंसात 'टिकादार, १९६३' असं लिहितात. नात्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर 'सौ. अमुक तमुक' लिहून पुढे कंसात माहेरचं आडनाव देतात, त्या कंसाचा आणि या कंसाचा अर्थ एकच: मूळ घर वेगळं. फरक आहे तो आपल्या बाजूने लाजिरवाणा आहे. ताटातल्या तांदळांत अंगठीने नवं नाव लिहून आपण मुलीचं पहिलं नावसुद्धा बदलत होतो, काही घरांत अजूनही बदलतो. कोळ्याच्या बाबतीत तेवढी मुभा कुणालाच नाही.

दुसरा मार्ग माणसाच्या नावाचा. इथे षष्ठी विभक्ती लागते. पुरुष एकटा असेल तर शेवटी 'ई', बाई असेल तर 'ए', पुरुष अनेक असतील तर 'ओरम', बायकाच अनेक असतील तर 'आरम'. निग्मा वाल्केनेरी हा युरोपातल्या बागांतला हिरवा कोळी डिक्टिनिडी कुळातला. तो वाल्केनेर या फ्रेंच जहागीरदाराचा, जो राज्यकारभार सांभाळून कोळ्यांवर ग्रंथ लिहीत असे. आपल्या पठारावर बाभळी-बोरींच्या काट्यांत मळकट पांढऱ्या चिंध्या अडकल्यासारख्या वसाहती दिसतात. त्या स्टेगोडिफस सरासिनोरम या कोळ्याच्या. पाउल आणि फ्रिट्झ सरासिन हे स्विस चुलतभाऊ श्रीलंकेत नमुने गोळा करत हिंडले होते. १८९२ साली कार्श या अभ्यासकाने हा कोळी त्या दोघांच्या नावे केला, म्हणून 'ओरम'. सरासिनांचा. एकाच जाळ्यात शेकडोंनी राहणाऱ्या कोळ्याला अनेकवचनी नाव मिळावं, हा योगायोग मला आवडतो.

आणि एक 'ई' असा आहे की तिथे मार्गदर्शिकेचा सूर बाजूला ठेवावा लागतो. २०२१ साली ठाणे-कल्याण भागातून एका उडी मारणाऱ्या कोळ्याची नवी जात नोंदवली गेली. तिचं नाव आयसियस तुकारामी. हे तुकाराम म्हणजे मुंबई पोलिसांतले सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर त्यांनी अजमल कसाब या हल्लेखोराच्या बंदुकीची नळी हातांनी धरून ठेवली. गोळ्या अंगात घुसत असताना त्यांनी ती सोडली नाही, म्हणून कसाब जिवंत सापडला. ओंबळ्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. ते साताऱ्याकडचे, आणि आपल्या मुलखात तुकाराम हे नाव कुणावरून ठेवतात हे सांगायला नको. देहूच्या वाण्याचं नाव साताऱ्याच्या पोलिसाकडे आलं आणि त्याच्याकडून काही मिलिमीटरच्या कोळ्याकडे गेलं. या नावाचा अर्थ कुठल्याही कोशात सापडायचा नाही. तो चौपाटीवरच्या त्या रात्रीत आहे.

नावामागची गोष्ट तपासून घ्या

तिसरा मार्ग पुराणांचा. इथे नवशिके घसरतात. डिक्टिना ही प्रजाती १८३३ साली सुंडेव्हाल या अभ्यासकाने केली. ग्रीकमध्ये 'डिक्टिऑन' म्हणजे जाळं, आणि त्याच शब्दाशी जोडलेली डिक्टिना नावाची एक देवी क्रीट बेटावर होती. तिचं मूळ नाव ब्रिटोमार्टिस. कवी कॅलिमॅकस सांगतो की, राजा मायनॉस नऊ महिने तिच्या मागे लागला होता. शेवटी तिने कड्यावरून समुद्रात उडी टाकली, ती मच्छीमारांच्या जाळ्यात पडून वाचली आणि तेव्हापासून तिला डिक्टिना म्हणायला लागले. गोष्ट गोड आहे. पण डायोडोरस हा इतिहासकार तीच गोष्ट देऊन वर म्हणतो, हे खोटं आहे. देवीवर अशी वेळ येईल कशाला, आणि मायनॉससारखा न्यायी राजा असं वागेल कशाला? त्याच्या मते तिने शिकारीची जाळी शोधून काढली, म्हणून ती डिक्टिना. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच एका नावाला दोन जन्मकथा होत्या आणि विद्वान त्यावर हमरीतुमरीवर आले होते. शिकण्यासारखं एवढंच: नाव आधी असतं, गोष्ट मागून येते आणि येताना आपण आधीपासून इथेच होतो असं भासवते.

आता वर 'प्रिथा' हा शब्द वाचताना तुम्ही अडखळला असाल तर तुमचे कान चांगले आहेत. पृथा हे कुंतीचं माहेरचं नाव. प्रिथा ही प्रजाती पेक्का लेहतिनेन या फिनलंडच्या अभ्यासकाने १९६७ साली केली. त्याच वर्षी त्याच्याच हातून डिक्टिनिडी कुळात सुदेस्ना आणि पुरुमित्रा अशा दोन प्रजाती झाल्या. सुदेष्णा म्हणजे विराटाची राणी, जिच्या महालात द्रौपदी सैरंध्री होऊन राहिली. आणि पुरुमित्र धृतराष्ट्राच्या मुलांच्या यादीत आहे. त्याच यादीतली दुर्योधन-दुःशासन सोडून तिसरं नाव सांगता न येणाऱ्या मराठी माणसाने या फिनिश गृहस्थापुढे निदान एकदा हात जोडावेत. आणि प्रिथा पूनाएन्सिस या नावाचं सरळ मराठी केलं तर होतं पृथा पुणेकर. सदाशिव पेठेतल्या एखाद्या पाटीवर ते सहज खपून जाईल.

त्याच वर्षी, त्याच डिक्टिनिडी कुळात, त्याच माणसाने ब्रिगिटिया आणि मॅरिलिनिया अशाही दोन प्रजाती केल्या. तुमच्या डोळ्यांपुढे लगेच दोन नट्या उभ्या राहिल्या असतील. राहू द्या. मूळ लेखात कारण छापलेलं दाखवता येत नसेल, तर नट्यांना डोळ्यांपुढेच ठेवावं, कागदावर उतरवू नये. नवशिका आणि जाणकार यांच्यात फरक असतो तो एवढाच.

घरच्या नावांवर सराव

कोळ्याला नाव देण्याआधी हात बसावा म्हणून घरच्या नावांवर सराव करा. बाजारात मिळणारं बाळाच्या नावांचं पुस्तक उघडा. त्यात प्रत्येक नावापुढे एक अर्थ असतो आणि तो अर्थ बहुधा 'तेजस्वी', 'देवाची देणगी' किंवा 'विष्णूचा अंश' यांपैकी एक असतो. कियान? देवाची कृपा. खरं तर हे नाव फारसी, 'कयान' या इराणच्या जुन्या दंतकथांतल्या राजघराण्याशी जोडलेलं. मायरा? 'प्रिय', आणि सोबत संस्कृत असल्याचा दाखला. प्रत्यक्षात मायरा हे नाव फुल्क ग्रेव्हिल या इंग्रज कवीने सोळाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या कवितेतल्या प्रेयसीसाठी घडवलं. नाव गोड आहे, मुलीला शोभतं, खुशाल ठेवा. फक्त बारशाच्या पत्रिकेवर 'वेदांत उल्लेख' असं छापू नका.

उलट बाजूने बघा. दगडू, धोंडू, केरबा, उकिरड्या. पुस्तकातल्या पद्धतीने अर्थ लावला तर ही नावं ठेवणारे आईबाप निर्दय ठरतात. वस्तुतः याहून मायेची नावं मराठीत नाहीत. आधीची मुलं जगली नाहीत म्हणून या खेपेला सटवीची, यमाची, कुणाची तरी दृष्ट चुकवायची होती. इथे काही मौल्यवान नाही, दगड आहे, केर आहे, पुढच्या घरी जा, असा तो निरोप होता. काही घरांत मूल खरोखर उकिरड्यावर क्षणभर ठेवून उचलून आणत. अर्थ शब्दात नव्हता, आधीच्या रिकाम्या पाळण्यात होता.

आणि 'नकोशी' हे नाव वरवर त्याच जातीचं वाटलं तरी तसं नाही. तिथे शब्दाला जो अर्थ आहे तोच देणाऱ्याच्या मनात होता. मुलीवर मुलगी झाली, आता पुरे. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींना समारंभाने नवी नावं दिली गेली. म्हणजे दोन नावांचा शब्दार्थ सारखाच कडू असला तरी एक राखण करायला ठेवलेलं असतं आणि दुसरं हाकलायला. कोश या दोहोंना एकाच पानावर बसवतो. म्हणून नावाचा अर्थ काय, हे विचारण्याआधी ते कुणी, कधी आणि कुणाला ऐकवायला ठेवलं ते विचारा.

बाकीचे प्रकार भराभर. वारावरून: सोम्या, मंगळ्या, बुध्या, शुक्र्या. पालघर-ठाण्याच्या आदिवासी पाड्यांवर ही नावं पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत आणि त्यांत माणसाचा जन्मवार आपोआप नोंदला जातो. नदी-तीर्थावरून: गोदा, कृष्णा, भीमा, काशी, द्वारका. एखाद्या जुन्या वाड्यातल्या बायका मोजल्या तरी अर्धी यात्रा घडे. दरबारातून: हैबतराव, दौलतराव, गुलाबराव. पहिला शब्द अरबी-फारसी, दुसरा आपला, आणि मध्ये कुणालाही सांधा दिसत नाही. नवसातून: पिराजी, फकिरा. शहाजी आणि शरीफजी या भोसले बंधूंची नावं अहमदनगरच्या शाह शरीफ पिराच्या नवसावरून ठेवली, असं परंपरा सांगते. प्राण्यांवरून: वाघोजी, नागू, मोरोपंत, पोपटराव, मैनाबाई. कोळ्यावरून ऊर्णनाभराव मात्र ऐकिवात नाहीत.

तरी या विद्येचा एक मूळ पुरुष कोळ्याच्याच नावाचा आहे

तो ऐकिवात नाही, कारण तो फार जुना आहे. शब्दांची मुळं शोधण्याचा आपल्याकडचा सगळ्यात जुना शाबूत ग्रंथ म्हणजे यास्काचं निरुक्त. यास्क आपल्या आधीच्या आचार्यांची मतं नावानिशी देतो. त्यांत एक आचार्य वारंवार येतो: और्णवाभ. ऊर्णवाभ म्हणजे लोकर विणणारा, म्हणजे कोळी. और्णवाभ म्हणजे त्याच्या वंशातला. नावांचे अर्थ सांगणाऱ्या पहिल्यावहिल्या लोकांपैकी एक जण कोळ्याच्या कुळातला होता. गवताच्या तुऱ्यावर लोकर पिंजत बसलेली ती दोन मिलिमीटरची बाई आठवा. तिला हे नाव तंतोतंत बसतं. ऋग्वेदात इंद्राने मारलेला एक शत्रूही और्णवाभच आहे, तेव्हा नावावरून माणूस ओळखायला जाऊ नये हेही तिथेच लिहिलेलं आहे म्हणा.

या मंडळींचं काम कसं चाले, त्याचा एकच नमुना देतो. अश्विनीकुमारांना वेदांत 'नासत्य' म्हटलं आहे. का? और्णवाभ म्हणतो, जे असत्य नाहीत ते, म्हणजे खरेच. आग्रायण म्हणतो, सत्याचे नेते. आणि आणखी एक अर्थ यास्क स्वतः पुढे करतो: नाकातून जन्मलेले. तीन विद्वान आणि तीन अर्थ, पैकी एक नाकातला. आजच्या नावांच्या पुस्तकांना हसण्याआधी ही परंपरा लक्षात घ्यावी. फरक असा की, यास्क दुसऱ्याचं मत देताना ते कुणाचं ते बहुधा लिहितो. पुस्तकवाले लिहीत नाहीत.

त्याच ग्रंथाच्या सुरुवातीला एक भांडण आहे आणि ते प्रत्येक नवशिक्याने पाठ करावं इतकं सुरेख आहे. सगळी नामं क्रियापदांपासून निघाली, असं शाकटायनाचं आणि निरुक्तकारांचं मत. गार्ग्य म्हणतो, सगळी नाहीत. त्याचा युक्तिवाद असा: रस्ता व्यापून जातो म्हणून घोड्याला 'अश्व' म्हणायचं, तर रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला अश्व म्हणा. टोचतं म्हणून गवताला 'तृण' म्हणायचं, तर जे जे टोचतं त्याला तृण म्हणा. यास्काचं उत्तर व्यवहारी आहे. लाकूड तासणारे पुष्कळ असतात, पण लोक सुतार म्हणतात ते काहींनाच. एकाच कामाचं नाव कुणाला मिळावं आणि कुणाला नाही, हे लोक ठरवतात. मला यात गार्ग्य जास्त पटतो, पण जिंकतो यास्क.

करू नये अशा गोष्टी

स्वतःचं नाव कोळ्याला देऊ नये. नियमात स्पष्ट मनाई नाही, पण जगभर ते असभ्य मानतात. फारच हौस असेल तर दुसऱ्या अभ्यासकाशी गोडीने वागा, पुढचं तो बघून घेईल.

सत्तेवरच्या माणसाचं नाव देताना दोनदा विचार करावा. स्लोव्हेनियाच्या गुहांतल्या एका आंधळ्या भुंगेऱ्याला १९३७ साली हिटलरचं नाव दिलं गेलं. ते अजून तसंच आहे, कारण छापलेलं नाव केवळ नकोसं झालं म्हणून बदलता येत नाही. भुंगेऱ्याचा दोष काहीच नव्हता, पण नाझी वस्तूंचे शौकीन संग्राहक त्याला पैसे मोजून विकत घ्यायला लागले. माणसाला निदान राजपत्रात जाहिरात देऊन नाव बदलता येतं.

कुळ कोणतं, यावरून मात्र पैजा लावू नका. पाण्याखाली हवेचा बुडबुडा धरून राहणारा तो युरोपातला प्रसिद्ध पाणकोळी कधी स्वतंत्र कुळात होता, कधी सायबेइडीत, २०१७ साली त्याला डिक्टिनिडीत आणलं, आणि पुन्हा उचलून नेलं तरी नवल वाटू नये. घराणं बदलतं, नाव तेच राहतं.

अर्थ चुकीचा लागला म्हणून नाव रद्द होत नाही, हेही ध्यानात ठेवा. ज्याला चार ठिपके आहेत त्याचं नाव 'तीन ठिपक्यांचा' असं छापून गेलं तर चौथा ठिपका जन्मभर बेहिशेबी.

आता आत्येला बोलवा

नवी जात वर्णन करून, चित्रांसह, मान्य नियतकालिकात छापून आली आणि मूळ नमुना संग्रहालयात जमा झाला, की कायद्याने बारसं झालं. पाळणा नाही, घुगऱ्या नाहीत. तरी आत्येची हौस राहू नये. तिने नळीपाशी वाकून 'कुर्रर्र' करून नाव सांगावं आणि बाकीच्या बायकांनी रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत बुक्के घालावेत. कोळ्याला आपल्यासारखे कान नसतात. पायांवरच्या बारीक केसांनी तो हवेतली थरथर टिपतो, तेव्हा नाव पायांशी सांगितलेलं बरं.

नळीत कागदाचं लेबल आतच टाका, बाहेर चिकटवू नका. त्यावर गाव, तालुका, तारीख, कुठल्या झाडावर किंवा भिंतीवर सापडला ते आणि गोळा करणाऱ्याचं नाव लिहा. पेन्सिलीनेच लिहा. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि मग नमुना कितीही दुर्मीळ असला, तरी संग्रहालयाच्या लेखी तो बिनागावाचा, बिनातारखेचा आणि म्हणून बिनकामाचा ठरतो.